व्हिक्टोरियात मेंढ्या-कोंबड्या पाळताय? कोल्ह्याचा बंदोबस्त असा करा

ऑस्ट्रेलियाच्या या राज्यातला लाल कोल्हा मूळचा इथला नव्हे. १९व्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी तो युरोपातून आणून सोडला, आणि इथल्या लहान प्राण्यांची दैना झाली. त्याला आवरायलाच हवं, पण डोकं शांत ठेवून.

मेलेलं कोकरू दिसलं की लगेच कोल्ह्यावर आळ घेऊ नका. थंडीनं, भुकेनं मेलेली कोकरंही तो खातो. आधी खूर बघा. जन्मताना खुरांना मऊ, पिवळसर आवरण असतं. ते झिजलेलं असेल तर कोकरू जिवंत जन्मून पायांवर चाललं होतं. मग मानेवरची कातडी सोडवून बघा. दातांच्या खुणांखाली रक्त साकळलंय? म्हणजे जिवंतपणी धरलंय. नसेल तर मेंढीच्या चाऱ्याकडे आणि आडोशाकडे लक्ष द्या. आमच्याकडे मी हे दरवेळी करतो, कितीही किळस आली तरी.

कोंबड्या अंधार पडायच्या आत खुराड्यात, कडी लावून. जाळी जाड घ्या, पातळ तो दातांनी तोडतो. खालची जाळी बाहेरच्या अंगाला फूटभर जमिनीवर आडवी पसरून ठोका, म्हणजे कुंपणाशी उकरताना पायाखाली जाळीच येते. वरची कड बाहेर झुकती आणि ढिली ठेवा. ताणलेल्या कडेवरून तो सहज चढतो.

‘१०८०’ नावाच्या विषाची आमिषं वापरायला परवाना लागतो. शेजाऱ्यांना आधी कळवायचं, फलक लावायचे, आमिष पुरायचं आणि उरलेलं मोजून परत काढायचं. यात हयगय नको, कारण तुमच्या कुत्र्यानं ते खाल्लं तर उतारा नाही. आणि एकट्यानं टाकून उपयोग शून्य: रिकामी झालेली जागा शेजारच्या रानातले तरुण कोल्हे भरून काढतात. आजूबाजूच्या चार-पाच शेतांनी मिळून, मेंढ्या विण्याआधी काही आठवडे सुरुवात करा.

रानकुत्र्यांचं वेगळं. त्यांतले बरेचसे डिंगोच, म्हणजे ऑस्ट्रेलियातले रानटी कुत्रेच, असतात, आणि डिंगो इथे संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. तुमच्या भागातला नियम कृषी खात्याला विचारल्याशिवाय काही करू नका.

मला विचाराल तर राखणीचं कुत्रं सगळ्यांत चांगलं. वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विन जवळजवळ संपवले होते. २००६ मध्ये तिथे मरेमा या राखणीच्या जातीची कुत्री ठेवली आणि पेंग्विन पुन्हा वाढले. पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवा, घरात लाडावू नका. आमिषं टाकलेल्या दिवसांत मात्र त्याला बांधून ठेवा, बाहेर काढलंत तर मुसकं घालूनच.