क्रिकोथायरॉइड पडदा बोटांनी कसा शोधावा

क्रिकोथायरॉइड पडदा म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूला, थायरॉइड कार्टिलेज (स्वरयंत्राची मोठी कूर्चा) आणि त्याखालचं क्रिकॉइड (कूर्चेचं कडं) यांमधला पातळ पडदा. श्वासनलिकेत ट्यूबही जात नाही, मास्कनेही हवा जात नाही, अशा वेळी या पडद्यातून छेद घेऊन हवेची वाट करावी लागते, म्हणून तो सापडलाच पाहिजे. त्यासाठी भूल देण्याआधी, रुग्ण जागा असतानाच तो शोधून पेनने खूण करा.

मान मागे ताणा. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर रुग्णाच्या डावीकडे उभे राहा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत हायॉइड हाड (स्वरयंत्राच्या वरचं छोटं हाड) पकडून स्वरयंत्र हलकेच डावी-उजवीकडे हलवा. बोटं थायरॉइड कार्टिलेजच्या दोन्ही बाजूंवरून खाली सरकवा. अंगठा आणि मधलं बोट क्रिकॉइडच्या कडक कड्यावर टेकलं की तर्जनीने मध्यरेषेत दाबून पाहा: तिथे जेमतेम १ सेंटिमीटर उंचीचा मऊ खळगा लागतो. तोच पडदा.

फक्त कंठमण्यावर विसंबू नका. बायकांत तो ठळक नसतो; मग बोट वरच्या थायरोहायॉइड पडद्यावर (हायॉइड आणि थायरॉइड कार्टिलेज यांमधल्या) थांबतं आणि छेद स्वररज्जूंच्या वर जातो. छेद पडद्याच्या खालच्या भागात घ्या, कारण क्रिकोथायरॉइड धमनी सहसा वरच्या भागातून आडवी जाते.

जाड मानेत काहीच लागत नसेल, तर आधी मध्यरेषेत ८ ते १० सेंटिमीटरचा उभा छेद घेऊन बोटांनी ऊती बाजूला सारा. वेळ असेल तर अल्ट्रासाउंड जास्त भरवशाचा.