लहान स्वयंपाकघर: आधी सिंक ठरवा

ओट्याचा आराखडा करताना बहुतेक जण शेगडीपासून सुरुवात करतात. जागा लहान असेल तर उलटं करा. शेगडी इकडेतिकडे सरकवता येते, सांडपाण्याचा पाइप तितक्या सहज सरकत नाही. त्याला दर मीटरला साधारण २ सेंटिमीटर उतार लागतो. सिंक दोन मीटर लांब नेलं की ओट्याखालच्या कपाटाची जागा तो पाइप खाणार, हे धरूनच चाला.

सिंक अगदी कोपऱ्यातही ढकलू नका. भांडी घासताना कोपर सारखं भिंतीला लागतं, आणि भांडी निथळत ठेवायला जागाच उरत नाही. एका बाजूला ६० सेंटिमीटर मोकळा ओटा हवा, दुसरीकडे ४५ पुरतात. मोठी बाजू शेगडीकडे ठेवा, म्हणजे धुतलं, चिरलं की थेट पातेल्यात. शिवाय नळाचे शिंतोडे गरम तेलात उडत नाहीत.

दोन खणांच्या सिंकचा मोह मात्र आवरा. एकच घ्या, पण ऐसपैस. खरेदीला निघण्याआधी घरातलं सर्वांत मोठं पातेलं टेपने मोजा. ते आडवं मावलं पाहिजे.