ल्युपस असताना कोलेस्टेरॉल आणि हृदयाची काळजी कशी घ्यावी

तिशी-पस्तिशीतल्या स्त्रीला हृदयविकाराची धास्ती कशाला, असा समज घरोघरी असतो आणि एरवी तो फारसा चुकीचाही नाही. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजारात, मात्र तो घातक ठरू शकतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथून 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 35 ते 44 वर्षे वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर समवयस्क स्त्रियांच्या तुलनेत 50 पटींहून अधिक आढळले होते. ल्युपसचा दाह रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षे इजा करत राहतो, त्यात उपचारासाठी घेतलेल्या स्टेरॉइडमुळे चरबी, साखर आणि रक्तदाब वाढतो, आणि मूत्रपिंडातून प्रथिने जात असतील तर कोलेस्टेरॉलही चढते.

म्हणून पहिले काम म्हणजे लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करून घेणे आणि अहवाल नीट वाचणे. समजा एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 36 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा आणखी एक प्रकार) 210 आले. एकूण आकडा 200 च्या आत म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ समजला जातो. पण एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, हीच ल्युपसमध्ये नेहमी दिसणारी जोडी आहे. एकूणातून एचडीएल वजा करावे. उरलेले 154 म्हणजे रक्तवाहिन्यांत साचू शकणारे कोलेस्टेरॉल, आणि डॉक्टरांशी बोलताना हा आकडा आवर्जून विचारात घ्यावा.

त्यानंतर त्याच कागदावर रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिने, स्टेरॉइडचा रोजचा डोस आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणारी प्रतिपिंडे) आहेत की नाहीत, हे लिहून तो प्रत्येक भेटीत सोबत न्यावा, कारण धोक्याचा अंदाज बांधण्याची नेहमीची बहुतेक कोष्टके ल्युपस गृहीतच धरत नाहीत. रक्तदाब साधारणपणे 130/80 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते.

औषधांबाबत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ल्युपसवरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध नियमित घेणे. ते आजार आटोक्यात ठेवते आणि चरबीच्या प्रमाणावरही त्याचा अनुकूल परिणाम होतो. स्टेरॉइडचा डोस कमी करण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे, मात्र ते स्वतःहून एकाएकी कधीही बंद करू नये. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन द्यायचे की नाही हे व्यक्तीगणिक ठरते; गर्भधारणेचा विचार असेल किंवा सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असेल तर ते आधीच सांगावे.

आहारात वनस्पती तूप, फरसाण, बेकरीचे पदार्थ आणि लोणचे-पापडातले मीठ कमी करावे, डाळी, कडधान्ये आणि भाज्या वाढवाव्यात. मात्र अल्फाअल्फाचे (लसूणघासाचे) मोड टाळावेत, कारण त्यातील एका घटकाने ल्युपस भडकू शकतो. उन्हाने ल्युपस बळावू शकतो, म्हणून चालायला उन्हाआधी किंवा सूर्यास्तानंतर जावे. तंबाखू पूर्ण सोडावी, आणि आपल्याकडे अनेक बायका लावतात ती मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे स्पष्टच सांगायला हवे.

छातीत दुखू लागले तर ल्युपसमुळे फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल असे मानून थांबू नये. स्त्रियांमध्ये झटका कधी जबडा, पाठ किंवा खांद्याचे दुखणे, धाप, घाम, मळमळ एवढ्यावरच दिसतो. अशा वेळी 108 वर फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच ल्युपस असल्याचे व चालू असलेली सर्व औषधे सांगावीत.