मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचंय? तालमीच्या हॉलमधला माझा सहा वर्षांचा अनुभव

मागच्या महिन्यात दोन मुली मला भेटायला आल्या होत्या, एमए करतायत, त्यांना त्यांच्या पेठेत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा क्लास सुरू करायचाय आणि पहिलाच प्रश्न, मॅडम पुस्तक कुठलं घेऊ? बोलता बोलता दीड तास गेला तरी बरंच सांगायचं राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहून काढतेय, त्यांच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्या सगळ्यांसाठी.

माझं एमए इंग्रजी शिवाजी विद्यापीठातून झालं. सहा वर्षं कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका तालीम मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये शिकवतेय. खाली आखाडा आणि वर आमचा फळा. दोन बॅच असतात. दुपारी अडीच ते चार बायकांची, कारण जेवणं-भांडी उरकून मुलं शाळेतून यायच्या आत तेवढाच वेळ त्यांना मिळतो, आणि रात्री साडेआठची, त्यात एमआयडीसीतले, रिक्षावाले, दुकानात काम करणारे असे सगळे.

पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी बावीसजण आले होते. मी आनंदात फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढला, सिंपल प्रेझेंट, प्रेझेंट कंटिन्युअस, मला स्वतःला जसं शिकवलं होतं तसंच. तिसऱ्या आठवड्यात सातजण उरले. मला कळेना काय चुकतंय, सगळे तर माना डोलवत होते. मग यायच्या बंद झालेल्या एका वहिनींच्या घरी गेले, चहा झाला, आणि त्या म्हणाल्या, "मॅडम तुमचं काय चुकलं न्हाई, पण तिथं बसलं की शाळेत बसल्यासारखं वाटायला लागलं, आणि आम्ही शाळा का सोडली ते सगळं आठवलं बघा." मी घरी येऊन तो तक्ता वहीतून फाडून टाकला.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. एकच प्रश्न विचारते, गेल्या आठ-पंधरा दिवसांत इंग्रजीमुळं तुमचं कुठं अडलं? सुरुवातीला कुणी बोलत नाही, मग एकजण बोलतो आणि मग थांबतच नाहीत. एका काकींनी सांगितलं, नातीच्या शाळेचा व्हॉट्सॲपवर इंग्रजीत मेसेज आला होता, उद्या कलर ड्रेस घालून पाठवा म्हणून, घरी दुसरं कुणी नव्हतं आणि पोरगी एकटी युनिफॉर्म घालून गेली, दिवसभर रडत होती. महाद्वार रोडवर दुकानात काम करणारा एक मुलगा म्हणाला, बाहेरचं गिऱ्हाईक आलं की मी मागं गोडाऊनला जातो. एक काका शिरोलीत फाउंड्रीत फायनल इन्स्पेक्शनला आहेत, चेन्नईच्या कस्टमरचा फोन आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. हे सगळं मी वहीत त्यांच्या शब्दांत लिहून घेते आणि तोच आमचा तीन महिन्यांचा सिलॅबस. पुस्तक कुठलं या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे, पुस्तक नंतर, आधी ही यादी.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांच्याबद्दल मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं, त्यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या अँजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना साक्षर करायचं काम केलं, आणि सुरुवात मुळाक्षरांनी न करता त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या, कामातल्या शब्दांपासून केली. तेव्हा मला ते नुसतं उत्तर लिहायला होतं. काकींचा तो कलर ड्रेसचा मेसेज आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला त्या दिवशी ते खरं समजलं. शाळेचे मेसेज सगळे एकाच साच्याचे असतात, त्यात तारीख कुठली, वेळ किती, आणि काय आणायचं किंवा काय घालायचं एवढंच शोधायचं, बाकीचा अर्धा मेसेज नुसता डिअर पेरेंट्स आणि काइंडली नोट असतो. काकींना हे तीन आठवड्यांत जमायला लागलं. त्यांना अजूनही इंग्रजीत सलग बोलता येत नाही आणि त्याची त्यांना गरजही नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण नवीन शिकवणारे इथंच सगळ्यात जास्त फसतात. आपण धरून चालतो की आकडे तर सगळ्यांना येतात. वन टू थ्री पाठ असतं हो, पण मधूनच कुणी सेव्हन्टी फोर म्हणालं की माणूस गडबडतो, कारण मराठीत एकक आधी येतो, चौऱ्याहत्तर म्हणजे आधी चार मग सत्तर, आणि इंग्रजीत बरोबर उलटं. त्यात एकोणऐंशी म्हटलं की तोंडातून एटी नाइन जातंच, ऐंशी ऐकू येतंय ना त्यात. आणि सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे, हे तर आपल्या जिभेवर इतके बसलेत की त्यांच्याशिवाय पैशाचं बोलताच येत नाही. एका रिक्षावाल्या मामांनी बाहेरच्या दोन पाहुण्यांना पन्हाळा जाऊन येऊन साडेसातशे सांगायचे म्हणून हाफ सेव्हन हंड्रेड सांगितले. पन्हाळा वीसेक किलोमीटर, वर वेटिंग, परत आणून सोडलं आणि त्या पाहुण्यांनी मोजून साडेतीनशे हातावर ठेवले, कारण त्यांनी सातशेच्या निम्मे असंच ऐकलं होतं. भांडण झालं, लोक जमले, आणि मामांना चूक काय झाली तेच कळेना. हे त्यांनी क्लासात सांगितलं तेव्हा एकही माणूस हसला नाही, सगळे आपापल्या मनात साडेसातशे कसं म्हणायचं ते जुळवत होते. त्यानंतर आम्ही चार दिवस फक्त पैसे बोललो. अडीच हजार म्हणजे टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड, पावणेदोनशे म्हणजे वन हंड्रेड सेव्हन्टी फाइव्ह, दीड लाख म्हणजे वन लाख फिफ्टी थाउजंड, आणि परदेशी माणूस असेल तर लाख त्याला कळत नाही, दहा लाखांचं एक मिलियन. घड्याळाचंही तसंच, पावणेदोनला क्वार्टर टू टू शिकवत बसू नका, वन फोर्टी फाइव्ह म्हणायला लावा, काम होतं.

फाउंड्रीतल्या काकांचं जरा सविस्तर सांगते. पन्नाशी ओलांडलेले, तीस वर्षं कास्टिंग म्हणजे ओतीव भाग बघतायत, नुसतं उजेडात फिरवून सांगतात आत गॅस अडकून ब्लोहोल झालंय की नाही. कोअर, मोल्ड, फेटलिंग, रिजेक्शन, रिप्लेसमेंट, शॉपफ्लोअरवरचे सगळे शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. पण फोन कानाला लावला की गप्प. आधी फोन घेणारा सुपरवायझर नोकरी सोडून गेला आणि ते काम यांच्यावर आलं. मी त्यांना समोरासमोर बसवून सराव घेतला तर छान बोलायचे, फोनवर परत तेच. मग लक्षात आलं की समोर ते माझा चेहरा बघून बोलतात, ओठ बघून शब्द ओळखतात, फोनवर ते काहीच नसतं. म्हणून दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, एकमेकांकडे बघायचं नाही, आणि मी कस्टमर झाले. काकांनी डाव्या तळहातावर बॉलपेनानं मराठीत लिहून आणलं होतं, वन मिनिट सर, प्लीज रिपीट. पहिल्याच सरावात मी थर्टीन पीसेस म्हणाले आणि त्यांनी थर्टी ऐकलं, म्हणजे सतरा नग जास्त पाठवले असते. त्यावर आमचा नियम झाला की फोनवर आकडा आला की सुटासुटा करून परत म्हणायचा, थर्टीन सर, वन थ्री? असं. हे वन थ्री मोठमोठे ऑफिसर लोकही वापरतात हे सांगितल्यावर काकांना त्यात कमीपणा वाटायचा बंद झाला. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं पाठीला पाठ. मग एका रात्री ते जरा उशिरा आले, दारातच चप्पल काढता काढता म्हणाले, "झाला आज फोन. वी विल सेंड बाय थर्सडे म्हणालो. तेनं ओके म्हटलं आणि ठेवला." एवढंच बोलून जागेवर जाऊन बसले, पण पुढचा तासभर त्यांचं लक्ष काही वर्गात नव्हतं आणि मीही त्यांना काही विचारलं नाही.

या काकांनी मला अजून एक गोष्ट शिकवली. ते कस्टमरशी बोलताना यू म्हणायचंच टाळायचे, वाक्य फिरवून फिरवून सर, सर करायचे. विचारलं तर म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला तू कसं म्हणायचं? तेव्हा मी त्यांना सांगितलं की इंग्रजीत तू साठी पूर्वी दाऊ असा वेगळा शब्द होता, तो बोलण्यातून गेला आणि उरला तो यू, म्हणजे मुळात तो आपला तुम्ही आहे. सगळा वर्ग एकदम सैल झाला. आता प्रत्येक बॅचला दुसऱ्याच दिवशी मी हे सांगते.

वर्गात मराठी बोलू द्या. सुरुवातीला मी ओन्ली इंग्लिशचा नियम केला होता, त्यानं फक्त शांतता पसरली. ज्या माणसाला घरी-दारी मान आहे त्याला तुम्ही तासभर मुका करून ठेवलात तर तो दुसऱ्या दिवशी कशाला येईल? मराठीतून फरक दाखवला की पटकन डोक्यात बसतो. परवा हा शब्द आपण मागच्यालाही वापरतो आणि पुढच्यालाही, इंग्रजीत दोन्ही वेगळे. आपण आणि आम्ही दोन्हींना तिकडं एकच वुई. मला दोन मुलं आहेत याचं आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन का होतं, तर आहेतचा ॲम करतो आपण, तिथं नुसतं आय हॅव. हॉटेल म्हणजे आपल्याला मिसळ खायची जागा, बाहेरच्या माणसाला मुक्कामाची, म्हणून देअर इज गुड हॉटेल सांगितलं की तो बॅग घेऊन जातो. लाईट गेली याचं लाईट इज गॉन कुणाला कळत नाही, देअर इज नो पॉवर म्हणावं लागतं. आणि हे सांगताना एक जरूर करा, प्रत्येकाला आधीच येणारे इंग्रजी शब्द मोजायला लावा. रिक्षावाल्या मामांनी क्लच, ब्रेक, मीटर, स्टँड, रिटर्न, वेटिंग असं करत पासष्टपर्यंत नेलं. मला इंग्रजी येत नाही असं म्हणत आलेला माणूस घरी जाताना पासष्ट शब्द घेऊन जातो, आणि ते त्याचेच असतात.

चुका सुधारण्याबद्दल. बोलताना मधे तोडू नका, अजिबात नाही. एकदा मी एका ताईंना सगळ्यांसमोर, बाईबद्दल बोलताना इंग्रजी 'ही' नाही, 'शी' म्हणा असं तीनदा म्हटलं, त्या तेव्हा हसल्या आणि जिन्यात जाऊन रडल्या, मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी चुका कागदावर टिपते आणि शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहिते, चला सगळे मिळून दुरुस्त करू म्हणते. ज्याची चूक असते त्याला ती बरोबर कळते.

कोर्स करावा का, हे सगळे विचारतात. केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा कोर्स, चांगला आहे, किमान १२० तासांचा, त्यात ६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं, पण तो महाग पडतो आणि पेठेतल्या क्लाससाठी आधी तो केलाच पाहिजे असं नाही. वर्षभर शिकवा, मग करा, जास्त कळेल. भाषा किती येते ते सांगणाऱ्या ए१ (सगळ्यात खालची) ते सी२ या युरोपियन पातळ्या मात्र वाचून ठेवा, कारण कंपन्या आणि परीक्षा त्याच भाषेत विचारतात, आणि आपली बहुतेक माणसं ए१च्या आसपास असतात हे माहीत असलं की आपण उगाच घाई करत नाही. आणि क्लासात कुणाला मराठीच वाचता येत नाही असं लक्षात आलं तर त्याला इंग्रजीत ढकलू नका. केंद्राचा उल्लास म्हणून साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे, १५ वर्षांपुढच्यांसाठी, स्वयंसेवक शिकवतात, जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत चौकशी करा. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या गावात आजही साठीतली एखादी आजी अंगठा देते हे बघून मला फार लागतं, पण त्या आजीला आधी तिचं नाव मराठीत लिहिता आलं पाहिजे.

पैशाचं खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी एक रुपया घेतला नाही. झेरॉक्स आणि खडूचा खर्च लोकांनीच एक डबा ठेवून भागवला. तिसऱ्या वर्षी क्लासातल्याच एकानं त्याच्या कंपनीत सांगितलं आणि मला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सकाळची बॅच मिळाली, त्यावर माझं घर चालतं. तिथं मुलाखतीत मला डिग्री फारशी विचारली नाही, ती आठ-पंधरा दिवसांत अडलेल्या गोष्टींची वही मात्र त्यांनी अर्धा तास चाळली. म्हणून वही ठेवा, तारीख घालून.

बॅच कधी सुरू करायची तेही सांगते. गणपतीच्या आधी अजिबात नको, मंडळाचा हॉलच तुमच्याकडं राहात नाही, नवरात्रात देवळाजवळच्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि लग्नसराईत बायकांची बॅच निम्मी होते. मी दिवाळी झाली की सुरू करते आणि फेब्रुवारीअखेर संपवते, मार्चमध्ये नातवंडांच्या परीक्षा असतात. आठवड्याला चार दिवस पुरेत. पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पांची ठेवा, कारण रात्रीच्या बॅचचा निम्मा वर्ग शिफ्ट सुटून तेवढा उशिरा येतो आणि आल्याआल्या आधी पाणी मागतो, म्हणून फळ्याशेजारी एक भरलेला माठ ठेवा.