हेडसेट खोलायच्या आधीची तयारी

सायकलचा हेडसेट, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क ज्यावर फ्रेममध्ये फिरतो तो वाट्या-बेअरिंगचा संच, घरी बदलता येतो. फक्त हे काम अर्ध्यावर सोडता येत नाही. फोर्क एकदा बाहेर आला की सायकल जागची हलत नाही, आणि नवी वाटी मापात नाही हे तेव्हा कळलं तर जुनी पुन्हा ठोकून बसवण्यातही अर्थ नसतो. म्हणून खाली लिहिलेली हत्यारं आणि सामान जवळ असल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

सुरुवात मापांपासून, तीही व्हर्नियर कॅलिपरने. मोजपट्टी इथे कामाची नाही. आधी फोर्कची नळी बघा. वर आटे असतील आणि मोठा नट बसलेला असेल तर जुनी पद्धत. स्टेमने (हँडल धरणाऱ्या भागाने) नळीला बाहेरून धरलं असेल तर बिनआट्यांची. नळी २५.४ मिमीची असेल तर एक इंची, २८.६ची असेल तर सव्वा इंचाला थोडी कमी. बऱ्याच नव्या फोर्कची नळी खाली आणखी रुंद होत जाते, तेव्हा वरची आणि खालची मापं वेगवेगळी घ्या. मग फोर्क ज्यातून जातो त्या फ्रेमच्या भोकाचा आतला व्यास आणि फोर्कच्या खांद्यावर क्राऊन रेस (खालचं बेअरिंग ज्यावर टेकतं ते कडं) बसते त्या जागेचा बाहेरचा व्यास. ही दोन मापं जुना हेडसेट निघाल्यावरच नीट घेता येतात. त्यामुळे शक्य असेल तर आधी खोला, मोजा आणि मगच नवा संच आणा. त्यात सायकल दोन दिवस उभी राहील, ते आधीच धरून चाला.

एक इंची हेडसेटमध्ये हा घोळ हमखास होतो, कारण त्यात दोन प्रमाणं चालतात. एकात क्राऊन रेसची जागा २६.४ मिमी, दुसऱ्यात २७.०. फरक ०.६ मिमीचा, डोळ्यांना दिसतही नाही. मी एकदा २७च्या फोर्कवर २६.४ची रेस ‘घट्ट आहे, बसेल’ म्हणून ठोकत राहिलो. ती तिरकी अडकली आणि काढताना फुटली. वाट्यांचंही तसंच आहे, एका प्रमाणात ३०.२, दुसऱ्यात ३०.०. बिनआट्यांच्या संचावर बहुतेक वेळा खूण छापलेली असते. ‘ईसी’ म्हणजे वाटी फ्रेमच्या बाहेर दिसणार, ‘झेडएस’ म्हणजे आत बसणार, ‘आयएस’ म्हणजे वाटीच नाही, बेअरिंग थेट फ्रेममध्ये. पुढचा आकडा भोकाच्या मापाचा: ३४, ४४ असा. ‘आयएस’ असेल तर तुमचं काम फार हलकं झालं. वाट्यांची ठोकाठोकी नाही, बेअरिंग हातानेच बसतं. फक्त जुन्या बेअरिंगच्या कडेवर ३६ × ४५ किंवा ४५ × ४५ असे कोन छापलेले असतात, ते तसेच्या तसे जुळले पाहिजेत.

आणखी एक माप सहज विसरलं जातं, ते म्हणजे हेडसेटची एकूण उंची. नवा संच जुन्यापेक्षा उंच निघाला तर वर स्टेमला धरायला नळी कमी उरते. आट्यांच्या फोर्कवर शेवटच्या नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत, आणि तिथे तडजोड करू नये.

आता हत्यारं. वाट्या दाबायला खास प्रेस मिळतो, पण घरी एका अख्ख्या आट्यांच्या सळईवर भागतं. एम १२ची, साधारण ३० सेंमी लांब सळई, तिला चालणारे दोन नट, आणि वाटीच्या कडेपेक्षा मोठे जाड वॉशर. दाब वाटीच्या बाहेरच्या कडेवरच यायला हवा, म्हणून वॉशर आधी वाटीवर ठेवून बघा. बेअरिंग सुटं निघत असेल तर काढून ठेवा. त्याच्यावरून दाबलं तर ते नवं असतानाच खराब होतं. एका वेळी एकच वाटी घ्या, दुसऱ्या टोकाला लाकडाचा सपाट तुकडा लावा. दोन घेतल्या की एक तिरकी जाते. हातोडा आणि फळी वापरून वाटी बसवणारे आहेत, पण मला सळईच बरी वाटते. वाटी तिरकी चालली की ते लगेच दिसतं आणि अर्धा फेरा मागे घेता येतो.

क्राऊन रेससाठी फोर्कच्या नळीवरून जेमतेम सरकेल असा, नळीपेक्षा लांब पाइप लागतो. २८.६च्या नळीला आतून ३० मिमीच्या आसपास. पाइपचं तोंड रेसच्या आतल्या सपाट कडेवर टेकलं पाहिजे, छर्रे फिरतात त्या भागावर मुळीच नाही. रेसला चीर असेल तर पाइपचीही गरज नाही. जुन्या वाट्या काढायला लांब, बोथट टोकाची सळई किंवा जुना स्क्रूड्रायव्हर चालतो. आतून ठोका, दर दोन-तीन ठोक्यांनी बाजू बदला.

आटे असलेल्या हेडसेटला पाने लागतात: एक इंचीला बहुधा ३२ मिमी, पुढच्या मापाला ३६. स्टेमला ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की. स्टेम नळीच्या आत जाणारा असेल तर त्याचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून डोक्यावर लाकूड ठेवून ठोका, म्हणजे आतली पाचर सुटते. स्टार नट (बिनआट्यांच्या नळीत आत रुतून वरचा बोल्ट धरणारा नट) बसवायचा असेल तर तो नळीच्या तोंडापासून सुमारे १५ मिमी खाली जायला हवा. तेवढ्या अंतरावर सळईला टेप लावून ठेवा.

बाकी सामान घरातलंच. रॉकेल, जुनी कापडं, ग्रीसचा डबा, पसरायला पांढरी चादर. सुटे छर्रे असतील तर चादर हवीच. पिंजऱ्यातले छर्रे कोणत्या बाजूला तोंड करून आहेत, त्याचा प्रत्येक थराला फोटो काढा. छर्रे बदलायचे तर वरचे-खालचे सगळे नवे घ्या. शेवटचा नट सुटला की फोर्क सुळकन खाली येतो, त्या क्षणी धरायला दुसरा माणूस असू द्या.

कार्बनची फ्रेम किंवा फोर्क असेल तर सळई, पाइप, स्टार नट काहीही वापरू नका. ते काम जाणकाराकडे द्या. वाटी नुसत्या हाताने आत जात असेल किंवा भोकाला तडा दिसत असेल तरीही तिथेच थांबा.

पहिल्या फेरीला निघताना स्टेमची ॲलन की खिशात ठेवा. वाट्या थोड्या बसतात आणि ढिलेपणा येतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, एक बोट खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवा. खटका जाणवला तर बिनआट्यांच्या हेडसेटमध्ये आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरचा बोल्ट पाव फेरा घट्ट करा, आणि बाजूचे पुन्हा आवळा.