जुन्या फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द अचूक कशी मांडाल?

1890 च्या दशकातल्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल प्रशिक्षकाची नोंद करताना हंगामानुसार तक्ता आखा: वर्ष, कॉलेज, विजय, पराभव, बरोबरी. मात्र एका वर्षासमोर एकच ओळ ठेवू नका. पॉप वॉर्नर 1895 आणि 1896 मध्ये जॉर्जिया आणि आयोवा ॲग्रिकल्चरल कॉलेज असे दोन्ही संघ सांभाळत होता. अशी दुहेरी नोंद चूक समजून खोडली की अख्खा हंगाम गायब!

कॉलेजचं तेव्हाचं नाव लिहा, शेजारी आजचं. आयोवा ॲग्रिकल्चरल म्हणजे आताचं आयोवा स्टेट. प्रशिक्षक जॉन हाइसमनचं 1893 चं बक्टेल कॉलेज आज ॲक्रन विद्यापीठ आहे.

मग गुणफलक तपासा. खरी गडबड इथेच होते. 1895 मध्ये टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) 4 गुण होते आणि त्यानंतरच्या किकला 2. त्यामुळे 16 गुण म्हणजे, उदाहरणार्थ, चार टचडाउन, किंवा तीन टचडाउन आणि दोन यशस्वी किक. आजचे 6 गुण 1912 पासूनचे. ते मागे लावले तर हिशेब जुळणारच नाही. फॉरवर्ड पासही (चेंडू हाताने पुढे फेकणं) 1906 पर्यंत नियमबाह्य होता, म्हणून त्याआधीच्या वर्णनात 'पास' दिसला तर तो मागे किंवा बाजूला दिलेला चेंडू समजा.

टक्केवारीत बरोबरी अर्धा विजय धरा. 8 विजय, 2 पराभव, 1 बरोबरी असेल तर 8.5 भागिले 11, म्हणजे 77.3 टक्के. बरोबरी वगळली तर थेट 80 येतात, आणि प्रशिक्षक उगाच थोर ठरतो.