शहरातल्या आदिवासी कुटुंबाचा जमातीचा दाखला : सुरुवात गावापासून करा

धुळ्या-जळगावच्या वस्त्यांत दोन-दोन पिढ्या राहिलेल्या भिल्ल, पावरा, मावची कुटुंबांकडे आधार आणि रेशन कार्ड असतं, जमातीचा दाखला मात्र नसतो. मग मुलीचं वसतिगृह अडतं, शिष्यवृत्तीही अडते. घराजवळच्या सेतूत अर्ज टाकून वाट बघण्यात वर्ष जातं, कारण अर्जाची जागाच चुकलेली असते. 6 सप्टेंबर 1950 रोजी वडील किंवा आजा जिथे राहत होते, त्या भागाच्या प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज लागतो. आजा धडगावकडचा असेल तर धुळ्यातला भाडेकरार कितीही जुना असो, उपयोग नाही.

म्हणून आधी गावातला सगळ्यात जुना कागद शोधा. आजा शाळेत गेला असेल तर पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. शाळेत गेलाच नसेल, आणि बहुतेकदा तसंच असतं, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना 14 ची नक्कल मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. फक्त आजोबांच्या नावावर अडून बसू नका. त्यांच्या भावंडांचे जन्म, पणजोबांचा मृत्यू, सगळं मागा. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, नुसतं मुलाचं आणि बापाचं नाव असतं. ते नातं वंशावळीच्या शपथपत्रात नीट जोडून दाखवा. जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफारही काढा.

जुन्या कागदावर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’ आणि तालुका ‘अक्राणी’ दिसला तर बिचकू नका. पश्चिम खानदेश म्हणजे जुना धुळे जिल्हा, अक्राणी म्हणजेच धडगाव, आणि धडगाव ज्यात येतं तो नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. नवा कारकून गाव जुळत नाही म्हणाला तर हे शांतपणे सांगा.

सगळ्यात जास्त घोळ जमातीच्या नावात होतो. वळवी, वसावे, पाडवी, तडवी ही आडनावं आहेत आणि अनुसूचित जमातींच्या यादीतली नावंही. तडवी तर दोन ठिकाणी येतं : नोंद 8 मध्ये भिल्लांसोबत ‘तडवी भिल्ल’ आणि नोंद 13 मध्ये धानकासोबत. त्यामुळे आडनावावरून जमात लिहू नका. आजोबांच्या नोंदीत जे आहे तेच अर्जात लिहा. भाऊ भिल्ल आणि बहीण धानका, असे दाखले एकाच घरात निघाले की पुढे वैधता तपासणीत, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीत, दोघंही अडकतात. शाळेत नुसतं ‘हिंदू’ लागलं असेल तर आत्ता घाईने दुरुस्ती करून घेऊ नका. या तपासणीतलं दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं, आणि ताज्या शाईने संशय वाढतो. त्यापेक्षा जुनी नोंद पुढे करा.

वडिलांकडच्या चुलत्याकडे किंवा चुलत भावाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत पहिल्याच दिवशी जोडा. याहून भक्कम पुरावा नाही. लग्न झालेल्या बाईचे कागद माहेरचेच लागतात, सोबत नावबदलाचा पुरावा. 1950 नंतर सेंधवा-बडवानीकडून आलेल्यांना मूळ मध्य प्रदेशाचाच दाखला लागतो. त्यावर महाराष्ट्राचं आरक्षण मिळत नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

अर्जाची पोच घ्याच. नाकारला तर तोंडी उत्तरावर परतू नका. लेखी आदेश मागा, कारण अपिलाचे 30 दिवस तो हातात पडल्यापासून मोजले जातात.